घरच्या शेतीसाठी जुना ट्रॅक्टर: पारख, कागदपत्रे आणि पहिला हंगाम

या लेखात जुना ट्रॅक्टर म्हणजे साधारण वीस ते चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर पडलेला, २५ ते ५० अश्वशक्तीचा आणि अजूनही घरच्या रानात नांगरट, पाळी, पेरणी व मालवाहतूक करणारा ट्रॅक्टर असे धरले आहे. शहरातील नोकरी सोडून वडिलोपार्जित शेतीकडे वळलेल्या ज्या वाचकांच्या गोठ्यात असा एखादा ट्रॅक्टर आधीच उभा आहे, आणि ज्यांना तो नव्याने विकत घ्यायचा आहे, अशा दोघांसाठी हे मार्गदर्शन आहे. अशा यंत्राची किंमत त्याच्या रंगावरून किंवा मॉडेलच्या सालावरून ठरवण्यात अर्थ नसतो. इंजिनातील तेल आणि पाणी आपापल्या जागी राहते का, सुटे भाग जवळच्या तालुक्याच्या गावी मिळतात का आणि कागद विकणाऱ्याच्याच नावावर आहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर चाळीस वर्षांचा ट्रॅक्टरही आपली शेती निभावून नेतो. त्यातील एकही उत्तर डळमळीत असेल तर पंधरा वर्षांचाही डोईजड होतो.

पायरी १: गरज कागदावर मांडणे

शेती तीन-चार एकरांची असेल आणि गावात भाड्याने ट्रॅक्टर सहज मिळत असेल, तर कोणताही ट्रॅक्टर घेऊ नये, जुनाही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. भाड्याच्या ट्रॅक्टरची अडचण बहुधा पैशांची नसून वेळेची असते. पाऊस पडून वाफसा आला की गावातील सगळ्यांनाच एकाच आठवड्यात पेरणी करायची असते आणि आपला क्रमांक येईपर्यंत ओल उडून जाते. ही अडचण दरवर्षी येत असेल आणि क्षेत्र आठ-दहा एकरांच्या पुढे असेल, तर स्वतःच्या ट्रॅक्टरचा विचार रास्त ठरतो. वर्षातून फार थोडे तास चालणाऱ्या नव्या ट्रॅक्टरचे हप्ते लहान शेतीला झेपत नाहीत, म्हणून जुन्याकडे वळायचे, एवढाच यामागचा हिशेब आहे.

मग कामांची यादी करावी. नऊ दाती कल्टिव्हेटर, पेरणीयंत्र, सरी पाडण्याचा रिजर आणि एक ट्रॉली एवढ्यावर भागणार असेल तर ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरतो. भारी काळ्या जमिनीत दोन फाळी पलटी नांगर खोल चालवायचा असेल किंवा पाच फुटी रोटाव्हेटर रोज लागणार असेल, तर ४० ते ५० अश्वशक्तीच्या खाली उतरू नये. रोटाव्हेटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. जुन्या ट्रॅक्टरांपैकी अनेकांना सिंगल क्लच असतो. त्यात क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडाही, थांबतो, त्यामुळे बांधाशी वळताना किंवा ढेकळात अडकल्यावर ट्रॅक्टर थांबवून रोटाव्हेटर फिरता ठेवता येत नाही. रोटाव्हेटर, मळणीयंत्र किंवा फवारणीचा ब्लोअर हेच मुख्य काम असेल तर ड्युअल क्लचचे मॉडेलच शोधावे.

जुन्या ट्रॅक्टरात इलेक्ट्रॉनिक्स नसते म्हणून तो गावातच दुरुस्त होतो, हे कारण हमखास सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही. इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणा ज्यांच्यामुळे आली ते ट्रॅक्टरच्या धुराचे ट्रेम-४ निकष १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले ते ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना. त्याखालच्या नव्या ट्रॅक्टरांतही साधा यांत्रिक डिझेल पंप मिळतो. त्यामुळे दुरुस्तीची सोय एवढ्या एकाच कारणासाठी जुने यंत्र घेणाऱ्याने आपला हिशेब पुन्हा तपासून पाहावा.

पायरी २: मॉडेल आणि त्याचे आजचे घराणे

भारतात ट्रॅक्टर बनू लागले तेव्हापासून बहुतेक कंपन्यांची मालकी बदलली आहे. सुटे भाग कोणाच्या दुकानात मागायचे हे त्या इतिहासावरून ठरते, म्हणून तो थोडक्यात माहीत असावा. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादला, जर्मन आयशर कंपनीच्या सहकार्याने तयार झाला. २००५ साली आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय चेन्नईच्या टाफे कंपनीकडे गेला. टाफेची स्वतःची स्थापना १९६० ची असून मॅसी फर्ग्युसनचे १०३५ आणि त्यानंतरची मॉडेले तिचीच आहेत. १९६३ साली महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून जी कंपनी काढली तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर महाराष्ट्रातील जुन्या बागायतदारांना अजून आठवतो, आणि महिंद्राच्या २६५ व २७५ या पुढच्या मॉडेलांचे घराणे तेच आहे. एचएमटीने १९७१ च्या सुमारास हरियाणातील पिंजोर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या आराखड्यावर ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली. स्वराज ७२४ मात्र १९७४ साली दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या देशी आराखड्यावरून मोहालीत बनला, आणि ती कंपनी २००७ साली महिंद्राने घेतली.

यातून निघणारा व्यावहारिक नियम सोपा आहे. मॅसी १०३५, महिंद्रा २६५ व २७५, स्वराज ७३५ व ८५५ यांचे लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची नळी) आणि पिस्टन, क्लच प्लेट, नोझल, हायड्रॉलिकचे सील संच महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी मिळतात. एचएमटीची इंजिने दणकट म्हणून ओळखली जातात, पण पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद झालेला असल्यामुळे भाग स्थानिक उत्पादकांचे किंवा जुन्या यंत्रांतून काढलेले घ्यावे लागतात. एस्कॉर्ट्सने बनवलेला फोर्ड ३६०० ओढीला उत्तम आहे, मात्र त्याचा जाणकार मिस्त्री आपल्या भागात आहे का, हे आधी विचारावे. जुन्या आयशरची सिंगल सिलिंडर, हवेने थंड होणारी मॉडेले डिझेल कमी खातात आणि त्यांना रेडिएटरची कटकट नसते. हलक्या जमिनीच्या छोट्या शेतकऱ्याला ती अजूनही परवडतात.

मॉडेल मनात ठरले की ट्रॅक्टर पाहण्यापूर्वी मिस्त्रीला भेटावे. आपल्या गावाच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या आत त्या मॉडेलचे इंजिन उघडणारा किमान एक माणूस असावा. तोच पुढे आपल्यासोबत पाहणीला आला तर उत्तम, आणि त्याला त्या दिवसाची मजुरी आपणच द्यावी. विकणाऱ्याकडून त्याला काही मिळणार असेल तर त्याच्या सल्ल्यावर विसंबता येणार नाही.

पायरी ३: ट्रॅक्टरचे आधीचे आयुष्य

तासांचा आकडा दाखवणारे मीटर बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर बंद असते, कारण त्याची केबल तुटली की कोणी ती बदलत नाही. म्हणून झीज जिथे लपवता येत नाही तिथे पाहावे. क्लच व ब्रेकच्या पेडलवरची नक्षी पार गुळगुळीत झाली आहे का, ड्रॉबारची, म्हणजे ट्रॉली जोडण्याच्या मागच्या पट्टीची, भोके लांबट झाली आहेत का, पीटीओ शाफ्टच्या खाचांचे दात धारदार झाले आहेत का, हे आधी पाहावे. मग पुढचा भाग जॅकवर उचलून सेंटर पिन, किंगपिन आणि चाकांची बेअरिंगे हलवून पाहावीत, कारण त्यांतील ढिलाई उभ्या ट्रॅक्टरवर दिसत नाही.

ट्रॅक्टर कोणत्या कामात होता हा प्रश्न त्याच्या वयाहून महत्त्वाचा आहे. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांमधून ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच, मागचा एक्सल, ब्रेक आणि गिअर बॉक्सची बेअरिंगे शेतातल्या ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी अधिक थकलेली असतात. अशा ट्रॅक्टरचे मागचे टायर मधोमध घासलेले दिसतात आणि ड्रॉबारच्या आसपास वेल्डिंगचे थर असतात. लोडर बसवलेल्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल आणि बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन व गिअर बॉक्स जिथे जोडले जातात ते ओतीव कवच, भेगाळलेले असू शकते. तिथे ताजा रंग किंवा ग्रीसचा जाड लेप दिसला तर तो पुसून पाहण्याचा आग्रह धरावा. वाळू वाहतुकीतला ट्रॅक्टर तर यंत्र चांगले असले तरी सहसा घेऊ नये. गौण खनिजाच्या अवैध वाहतुकीसाठी महसूल विभागाने केलेला दंड किंवा जप्तीचे प्रकरण मागे असेल तर ते नव्या मालकाच्याही डोक्याला ताप होते.

पायरी ४: थंड इंजिनावरची तपासणी

पाहणीला सकाळी लवकर जावे आणि आपण येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नये असे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. पोहोचल्यावर आधी इंजिनाच्या हेडला हात लावून पाहावा. ते कोमट असेल तर थंडीत ट्रॅक्टर सुरू होण्यास त्रास देतो हे विकणाऱ्याला माहीत आहे, असेच समजावे.

रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला भेग आहे. मग डिपस्टिक काढावी. तेल काळे असणे साहजिक आहे. ते दुधाळ, राखट किंवा नेहमीपेक्षा वरच्या पातळीला असेल तर पाणी किंवा डिझेल तेलात उतरते आहे. ओल्या लायनरच्या इंजिनांत लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळते आणि खालची रबरी रिंग कडक झाली की पाणी हळूहळू चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, झिरपते. डिपस्टिकवर हे लगेच कळत नाही. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा ड्रेन बोल्ट हलकेच ढिला करून पहिले काही थेंब काय येतात ते पाहावे. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते आणि आधी तेच बाहेर पडते. विकणारा याला तयार झाला नाही तर त्याचा नकारही नोंद घेण्याजोगा असतो.

आता इंजिन सुरू करावे. चांगले इंजिन एक-दोन झटक्यांत पकडते. सुरुवातीचा पांढरट धूर थोड्या वेळात विरला पाहिजे. तो इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कॉम्प्रेशन कमी आहे, नोझल डिझेलची फवारणी नीट करत नाहीत किंवा सिलिंडरमध्ये पाणी जाते आहे. निळा धूर म्हणजे रिंगांवाटे किंवा व्हॉल्व्हच्या गाइडवाटे वर जाऊन जळणारे तेल. काळा धूर भाराखाली थोडा आला तर हरकत नाही, पण रिकाम्या इंजिनाला रेस दिल्यावर तो सतत येत असेल तर एअर क्लीनर तुंबला आहे किंवा पंप-नोझल कॅलिब्रेशनला द्यावे लागणार आहेत.

धुरापेक्षाही विश्वासाची खूण ब्रीदरवर, म्हणजे इंजिनाच्या पोटातील वाफ बाहेर पडण्याच्या वाटेवर मिळते. इंजिन तापल्यावर तेल भरण्याचे झाकण काढून तिथून येणारी वाफ पाहावी. हलकी, मंद वाफ जुन्या इंजिनाला शोभते. ठोके देत जोराने बाहेर येणारा धूर, ज्यासोबत तेलाचे शिंतोडेही उडतात, तो मात्र झिजलेल्या लायनर-पिस्टनचा पुरावा असतो. शेवटी, ट्रॅक्टर अर्धा तास कामावर चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला, म्हणजे रिकाम्या मंद गतीवर, ऑइल प्रेशरचा काटा पाहावा. थंड इंजिनावर काटा नेहमीच वर असतो, त्यामुळे त्याला महत्त्व नाही. तापलेल्या इंजिनावर तो शून्याकडे झुकत असेल तर क्रँकच्या बेअरिंगांत किंवा ऑइल पंपात झीज आहे. काटाच बंद असेल तर दुसरे गेज जोडून पाहणे मिस्त्रीला फारसे कठीण नसते. इंजिनाचे पूर्ण काम करावे लागेल असे दिसले म्हणून व्यवहार मोडण्याची गरज नाही, परंतु त्या कामाचा खर्च मिस्त्रीकडून आधी काढून तो किमतीतून वजा झाला पाहिजे.

पायरी ५: क्लच, गिअर आणि हायड्रॉलिक

मोकळ्या जागेत, वरच्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून क्लच हळूहळू सोडला तर इंजिनाने दम टाकून बंद पडायला हवे. ते फिरतच राहिले तर प्लेट घसरते आहे. क्लच बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून दोन भागांत वेगळा करावा लागतो, त्यामुळे प्लेटच्या किमतीपेक्षा मजुरी आणि वाया जाणारे दिवस अधिक भारी पडतात. जुन्या गिअर बॉक्सांत चालत्या ट्रॅक्टरचा गिअर बदलता येत नाही, म्हणून थांबून टाकताना होणाऱ्या आवाजाला दोष मानू नये. चढावर किंवा उतारावर गिअर आपोआप सुटत असेल तर मात्र तो मोठा दोष आहे.

हायड्रॉलिकबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण नवखा माणूस सर्वांत अधिक इथेच गोंधळतो. मागे तीन ठिकाणी जोडलेले अवजार उचलण्याची आणि जमिनीत त्याची खोली राखण्याची आजची पद्धत हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याच्या १९२० च्या दशकातील कामातून आली. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढला जाई. नांगर दगडाला किंवा मुळाला अडला तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटत असे. फर्ग्युसनने अवजार वरच्या लिंकसह ट्रॅक्टरला असे जोडले की नांगराची ओढ मागच्या चाकांवर वजन म्हणून उतरते, आणि ओढ वाढली की वरच्या लिंकचा दाब ओळखून हायड्रॉलिक अवजार किंचित उचलते. त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरला सहसा दोन कळा असतात. ड्राफ्ट कंट्रोलची कळ नांगर व कल्टिव्हेटरसाठी असते. पोझिशन कंट्रोलची कळ पेरणीयंत्र, फवारणीयंत्र यांसारख्या ठरावीक उंचीवर धरायच्या अवजारांसाठी असते. अनेक ठिकाणी नांगरट पोझिशनवरच केली जाते आणि मग ट्रॅक्टर ओढत नाही अशी तक्रार होते.

तपासताना तेल तापू द्यावे, कारण गार व घट्ट तेलात झिजलेला पंपही दमदार वाटतो. जड अवजार पूर्ण वर उचलून इंजिन बंद करावे आणि शेजारी उभे राहून पाहावे. खाली कोणीही वाकू नये. पाच-दहा मिनिटांत अवजार थोडे खाली आले तर ते वयाला धरून आहे, धपकन उतरले तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत. इंजिन चालू असताना लिफ्टचे हात सारखे उड्या मारत असतील तर तीच गळती पंप पुन्हा पुन्हा भरून काढत असतो. बऱ्याच मॉडेलांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. ते पिवळट दुधी दिसले तर गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून पावसाचे पाणी आत गेले आहे, आणि हेच पाणी पुढे पंप खाते. लिव्हरचे ते रबर फार स्वस्त असते, तरी गावोगावचे ट्रॅक्टर त्याच्याविना पावसात उभे असतात.

पायरी ६: कागदपत्रे

शेतीचा ट्रॅक्टर कायद्याने बिगर-वाहतूक वाहन असल्यामुळे त्याची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. आरसी बुकावरची तारीख त्यासाठी पाहावी. नूतनीकरण रखडलेले असेल तर ते विकणाऱ्याने करून द्यायचे की आपण, आणि मागचा दंड कोणी भरायचा, हे विसार देण्यापूर्वी लेखी ठरवावे.

चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतः घासून, वाचून आरसीशी जुळवावेत. जुन्या ट्रॅक्टरात इंजिन ब्लॉक बदललेला असणे नवल नाही, पण तो बदल आरसीवर चढलेला असावा. आरसीवर बँकेचा किंवा वित्त कंपनीचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र पुरेसे नाही. फॉर्म ३५ भरून बोजा उतरवलेला असला पाहिजे. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि ट्रॅक्टर दुसऱ्या राज्यातील असेल तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८. मूळ मालक वारला असेल तर वारसांच्या नावे नोंद झाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि ती हमखास विसरली जाते. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. तो ट्रॅक्टर घरी आणण्याच्या दिवशी चालू असलाच पाहिजे. कोऱ्या सहीचे फॉर्म घेऊन ‘नंतर नावावर करू’ म्हणत तीन-चार हात फिरलेला ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा.

पायरी ७: घरी आणल्यावर

आधीच्या मालकाने सर्व्हिसिंग केल्याचे सांगितले तरी सगळी तेले आणि फिल्टर बदलावेत. इंजिन तापवून तेल काढावे, म्हणजे गाळ बाहेर पडतो. कोणत्या ग्रेडचे तेल घालायचे हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेवरून ठरवावे. पुढे साधारण दर २५० तासांनी ते बदलावे लागते. मीटर बंद असल्यास तो दुरुस्त करून घ्यावा, नाहीतर तासांचा हिशेब वहीत ठेवावा. डिझेलची टाकी उतरवून धुवावी. तळाशी साचलेला गंज, पाणी आणि शेवाळासारखा गाळ हा नोझल व पंपाचा मोठा शत्रू आहे.

फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या वाटेत हवा शिरते आणि इंजिन सुरू होत नाही. हवा काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे असा असतो. फीड पंपाची हातकळ मारत आधी पहिल्या फिल्टरचा, मग दुसऱ्या फिल्टरचा आणि मग पंपाचा ब्लीड स्क्रू ढिला करावा. बुडबुड्यांशिवाय डिझेल आले की तो घट्ट करून पुढे जावे. तरीही इंजिन पकडले नाही तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट किंचित ढिले करून सेल्फ मारावा. या वेळी नळीपुढे हात धरू नये, कारण नोझलच्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते आणि ती जखम वरून दिसते त्याहून गंभीर असते.

ऑइल बाथ एअर क्लीनरचे भांडे धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावे. तळाशी चिखल जमला असेल तर धुऊन नवे तेल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरले तर इंजिन तेच तेल ओढून घेते, स्वतःच्या गतीने धावू लागते आणि डिझेल बंद केल्यावरही थांबत नाही. क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी आणि तिच्या क्लिपा तपासाव्यात. तिथल्या एका चिरेतून जाणारी धूळ एका हंगामात नवे लायनर घासून टाकते, आणि नुकतेच इंजिनाचे काम केलेला ट्रॅक्टर वर्षभरात पुन्हा धूर का टाकतो याचे उत्तर पुष्कळदा याच चिरेत सापडते.

विजेच्या बाजूला बॅटरी, डायनमो किंवा अल्टरनेटर, दिवे आणि सेल्फ यांचे काम इलेक्ट्रिशियनकडून एकदाच नीट करून घ्यावे. उतारावर उभा करून ढकलत सुरू करण्याची किंवा खाली उभे राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे टोक जोडण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर अशा वेळी सुरू होताच समोरच्या माणसावर चालून जातो. न्यूट्रलशिवाय सेल्फ फिरू न देणारा स्विच बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत काढून टाकलेला असतो. तो पुन्हा बसवून घ्यावा.

पायरी ८: रानातला पहिला हंगाम

टायरमधील हवा कामानुसार बदलावी लागते. रानात मागच्या टायरला १२ ते १४ पाउंडांच्या आसपास हवा पुरते, भरलेली ट्रॉली ओढायची असेल तर ती वाढवावी. नेमका आकडा टायरच्या आकारावर आणि पुस्तिकेवर पाहावा. नांगरटीसाठी वजन कमी पडत असेल तर मागच्या टायरमध्ये पाणी भरता येते. व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ टक्के पाणी भरतात आणि उरलेल्या जागेत हवा. आपल्या हवेत पाणी गोठण्याची भीती नसल्याने साधे पाणी चालते.

वजन पुरेसे आहे का हे अंदाजाने सांगू नये, मोजावे. मागच्या चाकावर खडूची खूण करून अवजार वर उचललेल्या स्थितीत चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते टेपने मोजावे, आणि मग त्याच रानात, त्याच गिअरमध्ये अवजार लावून पुन्हा मोजावे. पहिल्या वेळी ४० मीटर आणि दुसऱ्या वेळी ३५ मीटर आले तर घसरण साडेबारा टक्के झाली. दहा ते पंधरा टक्के घसरण योग्य आहे. त्याहून जास्त असेल तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया जातात. फारच कमी असेल तर आपण विनाकारण वजन वाहतो आहोत आणि जमीन दाबतो आहोत. काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी ट्रॅक्टर घातला तर चाकाखालचा थर दाबून घट्ट होतो आणि त्या पट्ट्यात पीक वर्षभर मागे राहते, मग ट्रॅक्टर जुना असो वा नवा.

जुने इंजिन भाराखाली दबवून चालवण्यापेक्षा एक गिअर खाली घेऊन मोकळे चालवावे. रोटाव्हेटर किंवा मळणीयंत्राला पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे हवेत. इंजिनाच्या कोणत्या गतीला ते मिळतात याची खूण मीटरवर असते. पाण्याच्या तापमानाचा काटा चढू लागला तर इंजिन लगेच बंद करू नये. अवजार वर घेऊन काही वेळ कमी गतीवर चालू ठेवावे, आणि मग रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा काढावा.

चालकाच्या जिवाशी संबंधित गोष्टींत सवलत नाही. जुन्या ट्रॅक्टरांना उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट बहुधा नसते, म्हणून बांधावर, नाल्याच्या काठाने आणि आडव्या उतारावर तो जपून न्यावा. ओढण्याची साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच अडकवावी. वरच्या लिंकच्या जागी किंवा एक्सलच्या वर बांधून अडकलेली ट्रॉली ओढली तर पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटायला डोळ्याचे पाते लवण्याइतका वेळ लागतो. फिरत्या पीटीओ शाफ्टवर गार्ड असावे आणि त्याच्याजवळ उपरणे, पदर, ओढणी किंवा सैल धोतर घेऊन कोणी जाऊ नये. मडगार्डवर मुलांना बसवण्याची पद्धत कितीही रूढ असली तरी ती बंद करावी. रस्त्यावर आल्यावर दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडावीत, कारण वेगात एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी वळून पालथा होतो. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक आणि चालू दिवा असल्याशिवाय अंधारात डांबरी रस्त्यावर उतरू नये.

हंगाम संपल्यावर टाकी पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरून डिझेलमध्ये पाणी उतरत नाही. बॅटरीची वायर काढावी, सायलेन्सरच्या तोंडावर डबा घालावा, सगळ्या निपलांत ग्रीस भरावे आणि महिन्यातून एकदा इंजिन तापेपर्यंत चालवावे. गोठ्यात उंदीर असतील तर वायरिंगवर लक्ष ठेवावे. कडबा आणि ट्रॅक्टर एकाच छपराखाली असला की हा त्रास ठरलेला असतो.

पायरी ९: दुरुस्ती कुठे थांबवावी

लायनर-पिस्टन, क्लच, पंप, सील, किंगपिन हे सगळे बदलण्याजोगे भाग आहेत आणि त्यांच्यासाठी ट्रॅक्टर मोडीत काढण्याचे कारण नाही. क्रँकशाफ्ट घासून घासून शेवटच्या मापाला आला असेल, ब्लॉकला भेग पडली असेल किंवा गिअर बॉक्सचे कवच फुटून वेल्डिंगवर चालले असेल, तेव्हा मात्र मिस्त्रीकडून पूर्ण खर्च एकदाच लिहून घ्यावा आणि त्याच मॉडेलच्या चालत्या जुन्या ट्रॅक्टरच्या भावाशी ताडून पाहावा. खर्च त्या भावाच्या निम्म्यापुढे जात असेल तर मी दुसरा ट्रॅक्टर शोधण्याचा सल्ला देईन. पहिल्याचा पुढचा एक्सल, हायड्रॉलिक पंप, नोझल आणि चाके दुसऱ्यासाठी जपून ठेवता येतात. उरलेला सांगाडा भंगारात देताना परिवहन कार्यालयात अर्ज करून नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर त्या चेसिस क्रमांकावर पुढे जे काही घडेल त्याची नोटीस आपल्याच पत्त्यावर येईल.